आजीच्या आयपॉडची डिस्क

जुन्या आयपॉडची हार्ड डिस्क बदलणं हे तसं पंधरा मिनिटांचं काम. महाजालावर ढिगाने व्हिडिओ आहेत, बघून कुणालाही जमेल. मला मात्र दोन दिवस लागले. त्यातली पंधरा मिनिटं डिस्क बदलण्यात गेली आणि बाकी सगळा वेळ एका यादीत कोण कुठल्या नंबरावर आहे ते सांभाळण्यात. सध्याच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर अपग्रेड सोपं होतं, मायग्रेशन अवघड होतं. हापिसात तरी दुसरं काय होतं म्हणा.

आधी पात्रपरिचय. आयपॉड माझ्या आजीचा. आजी, म्हणजे आईची आई, येलदरीला राहते. जिंतूर तालुका, परभणी जिल्हा, पूर्णा नदीवरचं मोठं धरण ते हेच. आजोबांची सगळी नोकरी धरणाच्या वीजघरात झाली आणि निवृत्तीनंतर दोघं तिथेच राहिले. मामा तेव्हा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होता. २००६ साली त्याने स्वतःसाठी पाचव्या पिढीचा ३० जीबीचा आयपॉड घेतला, पांढरा, मागून आरशासारखा. दोन वर्षांनी परदेशी जाताना तो आईवडलांसाठी गाणी भरून त्याने येलदरीला ठेवून दिला.

तेव्हाचं भारनियमन आठवतंय का? दिवसाचे कित्येक तास वीज नाही. २२.५ मेगावॅटचं वीजघर (साडेसात-साडेसातचे तीन संच) उशाशी आणि घरात पंखा बंद, यावर आजोबा स्वतःच विनोद करायचे. टीव्ही बंद, टेपरेकॉर्डर बंद, अशा वेळी हे पांढरं डबडं चालायचं. छोट्या स्पीकरला जोडलं की ओसरीवर गाणी सुरू. मी सुट्टीत जायचो तेव्हा मला त्यावरचा विटांचा गेम खेळायला मिळायचा, तोही गाणं संपेपर्यंत थांबल्यावर.

आजोबा २०१९ मध्ये गेले. आयपॉड आजीकडे राहिला. घरी आता स्मार्टफोन आहे, स्मार्ट टीव्हीसुद्धा आहे. पण आजीला फोनवरची गाणी पटत नाहीत. मध्येच जाहिरात येते, मध्येच कुणाचा तरी फोन येतो, आणि चुकून बोट लागलं की कुठलंच्या कुठं जातं. आयपॉडचं चाक बोटाला कळतं. ते काम तिच्या हाताने शिकून घेतलंय, डोळ्यांची गरज नाही.

दिवाळीत गेलो तेव्हा तिने सांगितलं, "ह्यातून कट् कट् वाजायलंय रे. आन् गाणं मधीच थांबतंय." कानाशी धरलं. ज्याने कधी मरणारी हार्ड डिस्क ऐकलीय त्याला तो आवाज लगेच कळतो. जवळजवळ दोन दशकं रोज फिरलेली वस्तू आहे. हा दोष नव्हे, वय आहे.

आता ही डिस्क आत काय करत असते ते सांगतो. येलदरीच्या माणसाला ते समजावणं एकदम सोपं आहे, कारण पूर्णेवर तेच चालतं. येलदरी हा मोठा साठा. एकूण सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त साठा साधारण ८१०. पण शेताकडे जाणारे कालवे येलदरीतून निघत नाहीत. येलदरीचं पाणी वीजघरातून खाली सुटतं, ते हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणात जातं आणि कालवे निघतात सिद्धेश्वरमधून. त्याचा उपयुक्त साठा ८१च्या आसपास, म्हणजे येलदरीच्या दहावा हिस्सा.

आयपॉडमध्ये हेच आहे. डिस्क म्हणजे येलदरी, आतली ३२ एमबी मेमरी म्हणजे सिद्धेश्वर आणि कानात जाणारी वायर म्हणजे कालवा. गाणं डिस्कवरून थेट कानात येतच नाही. मोटर सुरू होते, डिस्क मिनिटाला ४२०० फेऱ्यांनी फिरते, पुढची चार-पाच गाणी मेमरीत ओतते आणि मोटर बंद. १२८ केबीपीएसचं गाणं मिनिटाला साधारण एक एमबी खातं, त्यामुळे एकदा पाणी सोडलं की पंधरावीस मिनिटं बघायला नको. पाटबंधारेवाले ज्याला आवर्तन म्हणतात तेच. बॅटरी टिकायची ती यामुळे, आणि खिशात घालून चाललं तरी गाणं अडखळायचं नाही ते पण यामुळे.

आजीचं गाणं मध्येच का थांबायचं ते आता लक्षात आलं असेल. कालवा ठीक होता, सिद्धेश्वर ठीक होतं. आवर्तनाची वेळ झाली की येलदरीचे दरवाजे उघडत नव्हते.

या चिमुकल्या डिस्कला इतिहासही आहे. पहिला आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर झाला, ५ जीबीचा, 'खिशात हजार गाणी' असं सांगत. तो शक्य झाला तोशिबाने बनवलेल्या १.८ इंची डिस्कमुळे. इतक्या लहान तबकडीवर इतकं लिहायचं तर चुंबकाचे ठिपके अतिसूक्ष्म होतात आणि ते वाचायला तितकंच संवेदनशील हेड लागतं. ते ज्या परिणामावर चालायचं, जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स, तो १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी वेगवेगळा शोधला आणि २००७चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. म्हणजे ज्या वर्षी स्टॉकहोममध्ये पदक दिलं जात होतं, त्या वर्षी मामा पुण्याच्या बसमध्ये तेच तंत्र कानाला लावून बसला होता. त्याला पत्ता नव्हता, मलाही परवापर्यंत नव्हता.

डिस्कवाला आयपॉड २०१४ मध्ये बंद झाला आणि २०२२ मध्ये आयपॉड हे नावच संपलं. पण जुने आयपॉड उघडून नवे करणारी मंडळी जगभर आहेत. आता कुणी डिस्कच्या जागी डिस्क टाकत नाही. डिस्कच्या केबलला बसेल असं एक छोटं सर्किट मिळतं, त्यात साधं एसडी कार्ड खोचायचं. फिरणारं काही नाही, आवाज नाही, वजन कमी, आणि मोटर नसल्याने बॅटरीही जास्त चालते. मी ते सर्किट, १२८ जीबीचं कार्ड आणि नवी बॅटरी मागवली.

करायचं असेल तर इथे दोन टिपा. एक, कार्ड आल्याआल्या ते पूर्ण भरून, परत वाचून तपासा. वर १२८ लिहिलेलं आणि आत १६ असलेला माल बाजारात भरपूर आहे. दोन, तुमचा आयपॉड २००७-०८चा 'क्लासिक' असेल तर १२८च्या वर जाऊ नका. त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर सेक्टरचा पत्ता २८ बिटांत लिहितं. दोनाचा २८वा घात गुणिले ५१२ बाइट म्हणजे साधारण १३७ अब्ज बाइट, त्यापुढची जागा त्याला दिसतच नाही. पाचव्या पिढीला ही अडचण नाही.

माझा बेत असा होता: डिस्क काढायची, कार्ड टाकायचं, आयट्यून्सने कोरा करून घ्यायचा आणि १२८ जीबी मराठी गाण्यांनी ओसंडून टाकायचं. गाण्यांच्या नावांत मामाने रोमन लिपीत जो गोंधळ घातलाय (एकाच गायिकेची तीन स्पेलिंगं) तोही निस्तरायचा. पण हापिसात एक सवय लागलीय. जुनी सिस्टीम बंद करण्याआधी ती वापरणारा माणूस शेजारी बसवायचा आणि तो नेमकं काय करतो ते नुसतं बघायचं. म्हणून आजीला म्हटलं, तू गाणी कशी लावतेस ते दाखव.

आजीला इंग्रजी वाचता येत नाही. पडद्याकडे ती बघतही नव्हती. मधलं बटण तीनदा दाबलं, तिची गाणी सुरू. मग म्हणाली, "गीतरामायण लावायचं आसंल तर दोन टिक पुढं." चाक फिरवलं की आतला बारीक स्पीकर टिक टिक वाजतो ना, ती टिक. एका टिकेला यादीतली एक ओळ. दोन टिका, बटण, गीतरामायण.

मी पडद्यावर बघितलं. मामाने तीन याद्या केल्या होत्या. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने त्या अशा लागल्या होत्या: 'आई', 'अण्णा', 'गीतरामायण'. मामा आजोबांना अण्णा म्हणायचा. पहिली यादी आजीची, दुसरी आजोबांची, तिसरी दोघांची.

"आणि एक टिक पुढे काय आहे?"

"ते त्येंचं," आजी म्हणाली, आणि दोन टिका फिरवून पुढे गेली.

माझ्या बेतात काय बसत नव्हतं ते इथे कळलं. आयट्यून्सने नव्याने भरलं असतं तर त्याच्या तयार याद्या मध्ये घुसल्या असत्या. त्यातली 'क्लासिकल म्युझिक' नावाची यादी 'सी'वरून सुरू होते, म्हणजे ती बरोब्बर 'अण्णा' आणि 'गीतरामायण' यांच्या मध्ये येऊन बसली असती. दोन टिकांवर गीतरामायण नाही, रिकामी यादी. आणि स्पेलिंगं दुरुस्त केली असती तर गायकांचा क्रम बदलला असता. कंप्युटरच्या दृष्टीने सगळं जास्त शुद्ध, आजीच्या दृष्टीने सगळं मोडलेलं.

मेन्यूच बदलून टाकणारं रॉकबॉक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, स्वीडनमधल्या प्रोग्रॅमर मंडळींनी २००१च्या सुमारास सुरू केलेलं. अजून जिवंत आहे, सही आहे. माझ्या हाताला खाज सुटली होती, खोटं कशाला बोलू. पण त्याचा मेन्यू वेगळा, म्हणजे आजीची तीन बटणं वेगळी. राहू दिलं.

म्हणजे आता काम बदललं. गाणी नाही, आयपॉड जसाच्या तसा नव्या कार्डावर न्यायचा होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती, मामाचा तो लॅपटॉप कधीच भंगारात गेला होता. त्यामुळे डबडं उघडण्याआधी आजारी डिस्कची पूर्ण प्रतिमा काढायला घेतली. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे फुकट साधन उत्तम. ते जिथे अडतं तिथे डोकं आपटत बसत नाही. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलून घेतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि मग पुन्हा पुन्हा तिथे जाऊन प्रयत्न करतं. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवतो तसं. मरणाऱ्या डिस्कला किती श्वास उरलेत माहीत नसतं, म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

शनिवारी दुपारी लावलं, रविवारी पहाटे संपलं. जवळजवळ सगळं आलं. दोन गाण्यांचे तुकडे मात्र वाचता आले नाहीत, आणि दोन्ही गीतरामायणातली.

गीतरामायणाचं असं आहे की ती ५६ गीतं क्रमाने ऐकायची गोष्ट आहे. गदिमा लिहायचे, बाबूजी चाल लावायचे आणि १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक गीत यायचं. मधलं एक गळलं तर कथाच अडते. आजी रोज दोन-तीन ऐकते आणि काल कुठवर आलो ते तिला पाठ असतं. सुदैवाने आईकडे सीडी होत्या. आईने पुण्याहून ती दोन गाणी काढून पाठवली.

ती टाकतानाही एक गंमत आहे. आयपॉडमध्ये फाइलींना गाण्याचं नाव नसतं. एका लपवलेल्या फोल्डरात एफ००, एफ०१ अशी खोकी असतात आणि त्यांत चार अक्षरांच्या निरर्थक नावांच्या फाइली. कुठली फाइल म्हणजे कुठलं गाणं, कुठल्या यादीत, कितवं, हे सगळं एका वेगळ्या डेटाबेस फाइलीत लिहिलेलं. त्यामुळे नवी फाइल जुन्याच चार अक्षरी नावाने जुन्याच खोक्यात ठेवली की डेटाबेसला काही कळत नाही. क्रम शाबूत.

त्या डेटाबेसच्या शेजारीच 'प्ले काउंट्स' नावाची एक बारकी फाइल असते. कुठलं गाणं किती वेळा वाजलं आणि शेवटचं कधी, याची नोंद. आयट्यून्सला जोडलं की ती नोंद तिकडे घेतली जाते आणि फाइल पुसली जाते. हा आयपॉड २००८ नंतर आयट्यून्सला कधी जोडलेलाच नव्हता. म्हणजे तेव्हापासूनचा सगळा हिशोब तिथे पडून होता. वेळ लिहिलेली असते १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत (मॅकची जुनी खोड), म्हणून प्रत्येक आकड्यातून २,०८,२८,४४,८०० वजा केले की नेहमीची तारीख काढता येते. दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली.

आजीच्या यादीतल्या तारखा त्याच आठवड्यातल्या होत्या. गीतरामायणाच्याही. मधल्या यादीतल्या तारखा २०१९च्या उन्हाळ्यात थांबल्या होत्या. सगळ्या. त्यानंतर एकदाही ती यादी उघडलेली नव्हती. पण रोज एक टिक वाजवून ती ओलांडलेली होती.

मी लॅपटॉप मिटला आणि थोडा वेळ धरणाच्या बाजूला फिरून आलो.

प्रत्यक्ष उघडणं रविवारी सकाळी. या आयपॉडला बाहेरून स्क्रू नाहीत. पुढचं प्लास्टिक आणि मागचं पोलाद नुसत्या खाचांनी अडकलेलं. पातळ प्लास्टिकची पट्टी फटीत सरकवायची आणि कडेकडेने घाई न करता खाचा सोडवायच्या. दोन्ही भाग फाटकन वेगळे करायचे नाहीत. आत एक बॅटरीची आणि एक हेडफोनच्या भोकाची अशा दोन नाजूक केबली दोन्ही भागांना जोडतात, त्या तुटल्या की खेळ खलास. डिस्क निळ्या रबरात बसवलेली असते. तिच्या केबलचा खटका नखाने उचलला, डिस्क काढली, सर्किट बसवलं, बॅटरी बदलली. आजी शेजारी बसून होती. "कायला एवढं उघडायलास? चालायलंय की थोडं थोडं," असं दोनदा म्हणून झालं होतं. जुनी डिस्क तिच्या हातावर ठेवली तर म्हणाली, "एवढीशीच?"

मग कार्ड आयट्यून्सने एकदाच कोरं करून घेतलं, गाणी न भरता. वाचवलेल्या प्रतिमेतलं लपवलेलं फोल्डर डेटाबेस आणि प्ले काउंट्ससकट त्यावर उतरवलं आणि ऑटोमॅटिक सिंक बंद करून टाकलं. चालू केला. कट् कट् नाही, घूं नाही, काहीच नाही. तीन बटणं: आजीची गाणी. दोन टिका: गीतरामायण. मधली यादी आपल्या जागी, तारखांसकट.

राहता राहिली ती शंभर जीबी मोकळी जागा. मी आजीला विचारलं, अजून हजारो गाणी मावतात, कुठली टाकू?

"कायला रे राजा? हीच ऐकून व्हईनात." मग थोडं थांबून म्हणाली, "पुढच्या बारीला तुझ्या मामाला बोलायला लाव दोन शब्द आन् ते टाक. माझ्या गाण्याच्या खाली. वर नको."

मामाला निरोप दिलाय. तो म्हणाला, काय बोलू? मी म्हटलं, काहीही बोल, पण एमपीथ्री पाठव आणि छोटं ठेव. आजीच्या यादीत ते शेवटी जाईल, म्हणजे बेचाळीस टिकांवर. ती मोजेल, खात्री आहे.

तर मंडळी, तुमच्याही घरी कपाटात असा एखादा आयपॉड पडला असेल, आणि तो अजून कुणी वापरत असेल, तर पुढच्या वीकांताला आधी त्याची प्रत काढा आणि मगच पट्टी फटीत घाला. गाणी आज कुठेही मिळतात. पण कोण किती टिका मोजून कुठे जातं, हे महाजालावर कुठेच लिहिलेलं नाही. ते घरच्या माणसाच्या शेजारी बसूनच बघावं लागतं.